वेदी आणि व्यासपीठ

(नभोवाणीवरील भाषण)

नाशिक जिल्ह्यांत भक्तीच्या दोन मोठ्या वाटा आहेत, आणि त्या दोन्ही आपल्यापैकीं बहुतेकांच्या पायांखालच्या आहेत. एक वाट वणीच्या सप्तशृंगगडावर चढते. चैत्रांत खानदेशांतून माणसें उन्हातान्हांतून पायीं येतात, गडाच्या पायऱ्या चढतात, अठरा भुजांच्या देवीपुढें क्षणभर उभीं राहतात, ओटी भरतात, नवस फेडतात आणि माघारीं फिरतात. देवीसमोर कोणी फारसें बोलत नाहीं. बोलण्यास तेथें अवकाशही नसतो. डोळे भरून पाहणें, हात जोडणें, कपाळ टेकणें, एवढ्यांतच जें सांगावयाचें तें सांगून होतें. दुसरी वाट त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांच्या समाधीकडे जाते. पौषांत तेथें दिंड्या येतात. दर्शन तेथेंही आहेच; परंतु त्या यात्रेचा प्राण टाळमृदंगाच्या साथीनें चाललेल्या भजनांत आणि कीर्तनकाराच्या निरूपणांत असतो. गडावरची भक्ति मुख्यतः डोळ्यांची व देहाची आहे. त्र्यंबकची भक्ति मुख्यतः कानांची व वाणीची आहे.

श्रोतेहो, आज ख्रिस्ती लोकांच्या उपासनेविषयीं बोलावयाचें असतां प्रारंभीं या दोन वाटांचें स्मरण मुद्दाम केलें. कारण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन पंथांच्या उपासनेंत जो भेद आहे, तो समजण्यास हा आपल्या घरचा अनुभव फार उपयोगी पडतो. उपमा कोणतीही घेतली तरी ती एका मर्यादेपर्यंतच चालते. आपण कोणाचीं मूर्तिपूजकांत गणना करीत आहों असें कॅथलिक मंडळींनीं समजूं नये, आणि वारकऱ्यालाही विठ्ठलाचें दर्शन हवेंच असतें हें मी विसरलों नाहीं. परंतु भक्ति कोणत्या इंद्रियाच्या द्वारानें प्रथम आंत शिरते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आपल्या शहरांतील पांढरपेशा घरांत ख्रिस्ती शेजाऱ्याची ओळख 'चर्चला जाणारा' एवढीच असते. कोणत्या चर्चला, हा प्रश्न आपल्याला सुचत नाहीं. त्या शेजाऱ्याला मात्र तो प्रश्न मुलीचें लग्न जुळवितांना, मूल बाप्तिस्म्यास नेतांना आणि वडिलांना मूठमाती देतांना पदोपदीं भेटत असतो. हा भेद युरोपांत १५१७ सालीं मार्टिन लूथरनें उभारलेल्या चळवळींतून निघाला, हें आपण शाळेंत वाचतों. परंतु पोप, राजे आणि लढाया यांच्या त्या इतिहासावरून आपल्या शेजारच्या घरांत संध्याकाळीं प्रार्थना कशी होते याचा कांहींच उलगडा होत नाहीं. म्हणून सिद्धांतांच्या वादांत न शिरतां, दोन देवळांत पाऊल टाकून तेथें काय दिसतें आणि काय ऐकूं येतें, एवढेंच आपण प्रथम पाहूं.

नाशिकला पुणें रस्त्यावर बाळ येशूचें मंदिर आहे. फेब्रुवारींतील तेथील यात्रेला मुंबई, वसई आणि गोवें येथून माणसें लोटतात. लहान बालकाच्या रूपांतील ख्रिस्ताची मूर्ति, तिच्यापुढें जळणाऱ्या मेणबत्त्या, नवस बोलणाऱ्या आया, कृतज्ञतेनें डोळे पुसणारे बाप, असें तेथील दृश्य असतें. कोणत्याही कॅथलिक देवळांत शिरणारा माणूस दाराशीं ठेवलेल्या पवित्र पाण्यांत बोट बुडवून स्वतःवर क्रूसाची खूण करतो. आंत गेल्यावर त्याची दृष्टि वेदीकडे जाते. वेदीजवळ एक लहानशी पेटी असते व तिच्यापाशीं अखंड दिवा तेवत असतो. मिस्सेच्या वेळीं पवित्र केलेली भाकर त्या पेटींत ठेवलेली असते, आणि त्या भाकरींत ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित आहे अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. म्हणून देऊळ रिकामें असलें तरी तो माणूस गुडघा टेकतो. तेथें कोणी प्रवचन करीत नसतें, गाणें चाललेलें नसतें. तरी त्याच्या दृष्टीनें तें देऊळ रिकामें नसतें.

आतां अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, चला. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ पासून तेथें ठाणें केलें. त्या परंपरेंतल्या मंदिरांत शिरलें कीं प्रथम नजरेस येतें तें व्यासपीठ आणि त्यावरचें उघडें बायबल. भिंती साध्या असतात. क्रूस असतो, पण त्यावर ख्रिस्ताची देहाकृति नसते. मूर्ति नाहीं, उदबत्ती नाहीं, अखंड दिवा नाहीं. मंडळी जमली, पाळकसाहेब उभे राहिले, वाचन झालें, गीत झालें, प्रवचन झालें, म्हणजे उपासना झाली. सर्व माणसें निघून गेल्यावर ती वास्तु एक आदरणीय परंतु रिकामी वास्तु असते. देव त्या वास्तूंत राहत नसून, दोघे-तिघे त्याच्या नांवानें जमतात तेथें तो असतो, अशी त्या मंडळींची धारणा आहे.

एके ठिकाणीं वेदी मध्यभागीं आहे, दुसऱ्या ठिकाणीं व्यासपीठ. या एका मांडणींत पुष्कळ भेद सामावलेला आहे. कॅथलिक उपासनेचें हृदय मिस्सा हें आहे. मिस्सा म्हणजे घडणारी एक क्रिया आहे. धर्मगुरूचें प्रवचन रुक्ष झालें, त्याचा आवाज बसला, किंवा तो भाषेंत चुकला, तरी मिस्सा पूर्ण होते; कारण तेथें जें घडतें तें माणसाच्या वक्तृत्वावर अवलंबून नाहीं. प्रॉटेस्टंट मंडळींतही भाकर आणि द्राक्षारस यांचा विधि आहे. त्याला ते प्रभुभोजन म्हणतात, आणि अमेरिकन मिशनच्या परंपरेंत तें बहुधा महिन्यांतून एकदां होतें. परंतु दर रविवारीं जें चुकत नाहीं तें वचनाचें वाचन आणि त्याचें निरूपण. देव बोलतो आणि माणूस ऐकतो, हा तेथील मुख्य प्रसंग. म्हणून पाळकाचें प्रवचन निष्प्रेम झालें तर ऐकणारा उपाशीं घरीं गेला असें खुशाल म्हणावें.

हा भेद भाषेंतही उतरला आहे. 'क्रूस' हा शब्द पोर्तुगीजांच्या बोलींतून आपल्याकडे आला. वसईच्या आणि मुंबईच्या जुन्या गांवठाणांत रस्त्याच्या कडेला क्रूस उभे आहेत. त्यांना हार घालतात, त्यांच्यापुढें दिवा लावतात, संध्याकाळीं आळीतलीं माणसें तेथें जमून जपमाळ म्हणतात. क्रूस ही स्पर्श करण्याची, चुंबन घेण्याची वस्तु आहे. मराठी प्रॉटेस्टंट बायबलाच्या भाषांतरकारांनीं मात्र 'वधस्तंभ' हा शब्द वापरला. वधस्तंभाला कोणी हार घालणार नाहीं. तो शब्द कानीं पडतांच त्यावर काय घडलें याचा अर्थ मनांत उभा राहतो. एका शब्दानें वस्तु जवळ आणली, दुसऱ्यानें अर्थ जवळ आणला. आणि दोन्ही शब्द आज मराठींत रुळले आहेत.

मूर्तीच्या वादाचें मूळही असेंच एका बारीक जागीं सांपडतें. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा दोन्ही पंथांना मान्य आहेत. पण त्यांची मोजणी निराळी आहे. कोरीव मूर्ति करूं नको, हें वाक्य कॅथलिक लोक पहिल्या आज्ञेचाच भाग समजतात, म्हणजे अन्य देव नकोत या आज्ञेचें तें स्पष्टीकरण मानतात. अँग्लिकन आणि अमेरिकन मिशनची परंपरा त्याच वाक्याला स्वतंत्र दुसरी आज्ञा मानते. मग दहा हा आकडा जुळविण्यासाठीं कॅथलिक शेवटच्या लोभाविषयींच्या आज्ञेचे दोन भाग करतात. मूर्तीचा निषेध ही निराळी आज्ञा झाली कीं तिचें वजन वाढतें. कॅथलिक म्हणतो कीं मूर्तीला मी आदर देतों, आराधना केवळ देवाची करतों. आईच्या तसबिरीला हार घालणारा कागदाची पूजा करीत नाहीं. प्रॉटेस्टंट म्हणतो कीं तसबीर आणि आई यांतला फरक तुला कळतो, पण तुझ्या मुलाला कळेल कीं नाहीं याची मला शंका आहे. या दोन उत्तरांत कोण खोटें बोलतो आहे? माझ्या मतें कोणीच नाहीं. एकाला माणसाच्या डोळ्यांवर विश्वास आहे, दुसऱ्याला त्या डोळ्यांचें भय आहे.

प्रार्थनेच्या रीतींत तर हा भेद घरांघरांत दिसतो. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळीं जपमाळ म्हणण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जपमाळेंत दहा-दहा मण्यांचे पांच गट असतात. प्रत्येक मण्यावर पवित्र मरियेचें स्तवन, आणि प्रत्येक गटाबरोबर येशूच्या किंवा मरियेच्या चरित्रांतल्या एका प्रसंगाचें चिंतन. म्हणजे एकच प्रार्थना पन्नास वेळां. आजी अर्धी झोंपेंत असते, नातू चुळबुळ करीत असतो, सून चुलीवरच्या भाताकडे एक डोळा ठेवून असते. तरी शब्द पुढें चालत राहतात. अहमदनगरकडच्या प्रॉटेस्टंट घरांत संध्याकाळची प्रार्थना निराळी. घरांतलें वडील माणूस बायबलाचा एक उतारा वाचतें आणि मग डोळे मिटून आपल्याच शब्दांत देवाशीं बोलतें. त्यांत आजारी शेजाऱ्याचें नांव येतें, मुलाच्या परीक्षेचें येतें, पाऊस लांबल्याचें येतें. उद्यांची प्रार्थना आजच्यासारखी नसते. मरियेला किंवा संतांना मध्यस्थी करण्याची विनंति तेथें नसते. ख्रिस्ताखेरीज दुसरा मध्यस्थ नाहीं, असें ते मानतात.

या दोघांनीं एकमेकांवर घेतलेले आक्षेप जुने आणि तिखट आहेत. प्रॉटेस्टंट म्हणतो, ही पोपटपंची झाली. मन कुठें आणि जीभ कुठें. कॅथलिक म्हणतो, तुमची प्रार्थना हें दुसरें प्रवचनच. देवाशीं बोलण्याच्या निमित्तानें शेजाऱ्याला ऐकविणें. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, कारण दोन्ही रीतींचा तसा दुरुपयोग होऊं शकतो. पण त्यांच्या मुळाशीं जें आहे तें अधिक गंभीर आहे. जी प्रार्थना मी रचली नाहीं, ती माझी होऊं शकते काय? आणि जी प्रार्थना केवळ माझी आहे, ती माझे शब्द संपल्यावर मला कुठवर नेईल? पुत्रशोकानें बसलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहींत. अशा वेळीं कोणी दुसऱ्यानें शेंकडों वर्षांपूर्वीं तयार केलेले शब्द, बोटांखालचे मणी, हेंच त्याचें बळ असतें. उलट, ज्याला आयुष्यांत प्रथमच आपल्या पापाची किंवा आपल्या आनंदाची तीव्र जाणीव झाली, त्याला पाठ केलेले शब्द अपुरे पडतात. त्याचें मन स्वतःचे शब्द मागतें.

येथवर मी दोन पंथांचीं दोन सरळ चित्रें काढलीं. महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिलें कीं तीं इतकीं सरळ राहत नाहींत, आणि खरी मौज तेथेंच आहे.

नाशिकचें शरणपूर घ्या. चर्च मिशनरी सोसायटीनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेली ही ख्रिस्ती वस्ती. ही सोसायटी प्रॉटेस्टंटच. पण इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चची, म्हणजे अँग्लिकन. अँग्लिकन लोकांचें एक छापील प्रार्थनापुस्तक आहे, आणि त्यांची उपासना त्या पुस्तकावरून चालते. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें शरणपुरांत वाढविलीं जात. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा तरुण पुढें प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शोधार्थ आफ्रिकेंत गेला. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियांतील एका खेड्यांत वारला, तेव्हां त्याच्या सोबत्यांनीं त्याचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें, आणि शेंकडों कोसांच्या परिसरांत एकही धर्मगुरु नसतां नाशिकच्या या जेकबनें दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या. ठरीव शब्दांची महती कळण्यास याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. त्या रानांत तो पाठ त्याच्यापाशीं होता, म्हणून एका थोर माणसाला मातींत ठेवतांना त्याला मुकें राहावें लागलें नाहीं.

पुण्याचें पंचहौद मिशन दुसरें उदाहरण. १८९० सालीं तेथें लोकमान्य टिळक, रानडे प्रभृतींनीं चहा घेतला आणि पुण्यांत केवढें ग्रामण्य माजलें हें आपणांस माहीत आहेच. त्या चहाच्या गोंधळांत पंचहौदचे मिशनरी कोण होते हें मात्र आपण विसरतों. ते अँग्लिकनच होते, पण उच्च परंपरेचे. त्यांच्या उपासनेंत वेदी, मेणबत्त्या, वेषधारी धर्मगुरु, संन्यस्त जोगिणी हें सर्व होतें. बाहेरून पाहणाऱ्याला तें कॅथलिक देऊळच वाटावें. म्हणजे प्रॉटेस्टंट या एका नांवाखालीं अहमदनगरची साधी मंडळी आणि पुण्याची ही भरजरी उपासना, दोन्ही नांदत होत्या.

या उच्च परंपरेशींच पंडिता रमाबाईंचा संबंध आला. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमांत असतांना त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु गुरुस्थानीं असलेल्या जोगिणींशीं त्यांचा लौकरच वाद सुरू झाला. त्यांत एक मुद्दा क्रूसावर कोरावयाच्या लॅटिन शब्दांचा होता. हे शब्द माझ्या देशभगिनींना कळणार नाहींत, तेथें संस्कृत असावें, असा रमाबाईंनीं आग्रह धरला. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक आहे. पण ज्या बाईनें पुराणें मुखोद्गत केलीं होतीं आणि न कळतां केलेल्या पाठाचें ओझें ज्या समाजांत पाहिलें होतें, तिला परक्या भाषेचें दुसरें सोंवळें नको होतें. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं जें धर्मजागरण झालें, त्यांत मुलींच्या व स्त्रियांच्या मेळाव्यांत शेंकडों कंठांतून एकाच वेळीं, प्रत्येकीच्या स्वतःच्या शब्दांत, मोठ्यानें प्रार्थना होऊं लागल्या. पाहणारे चकित झाले; कांहींना तो गोंगाट वाटला. दुष्काळांतून आणि वैधव्याच्या छळांतून आलेल्या, ज्यांना आयुष्यांत कोणी बोलूं दिलें नव्हतें अशा पुष्कळ स्त्रिया त्यांत होत्या. स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना ही त्यांच्या दृष्टीनें केवळ एक उपासनापद्धति नव्हती. तें त्यांच्या वाणीचें मोकळें होणें होतें. रमाबाईंनीं आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलाचें सुबोध मराठी भाषांतर करण्याचें काम चालविलें आणि १९२२ सालीं, मृत्यूच्या उंबरठ्यावर, तें पुरें केलें.

भाषेचा हा प्रश्न कॅथलिकांना पडलाच नाहीं असें मात्र नाहीं. १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचें 'क्रिस्तपुराण' छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपींत छापला होता. नवख्रिस्ती लोकांना त्यांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं. त्यांच्या कानांची भूक भागविण्यासाठीं ओवीच हवी, हें त्या परदेशी माणसानें ओळखलें. मिस्सा लॅटिनमध्यें आणि पुराण मराठींत, अशी ती व्यवस्था होती. वेदीवरची क्रिया न कळली तरी चालेल, पण कथा कळली पाहिजे, असा तिचा मतलब. पुढें पोर्तुगीज सत्तेनें देशी भाषांवर रोष धरला, आणि ही वाट अरुंद झाली. वसईचीं देवळें १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या विजयानंतरही ख्रिस्ती वस्तींत नांदत राहिलीं. तेथील शेतकरी आणि कोळी लॅटिन मिस्सा डोळ्यांनीं पाहत आणि घरीं आपल्या बोलींत आपली गाऱ्हाणीं सांगत. अखेर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींची जी घोषणा मान्य केली, तिनें देशी भाषांना वेदीचें दार उघडलें. त्यानंतरच्या वर्षांत धर्मगुरु लोकांकडे तोंड करून उभा राहूं लागला आणि मिस्सा मराठींत होऊं लागली. वाचनाला आणि प्रवचनाला पूर्वीपेक्षां अधिक मान मिळाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें, आणि त्यांनाच २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद मिळालें. वेदीच्या पंथानें वचनाकडे टाकलेलें हें मोठें पाऊल होतें.

उलट बाजूनेंही पावलें पडलीं. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्तकथा कीर्तनाच्या रूपांत आणली. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तर तुकोबांच्या अभंगांच्या आधारेंच ख्रिस्तापर्यंत पोहोंचल्याचें सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई याच नाशिक जिल्ह्यांतील जलालपूरच्या. टिळकांना विलायती चालीवरचीं भाषांतरित गाणीं पुरेशीं वाटलीं नाहींत. इंग्रजी स्तोत्रांत विचार होता, परंतु मराठी माणसाचा देह त्या चालींत डोलत नव्हता. त्यांनीं भजनें रचलीं, टाळ आणले, भक्ताला देवाशीं लाडिकपणें भांडूं दिलें. म्हणजे कोरड्या गणल्या गेलेल्या व्यासपीठाच्या पंथांत त्यांनीं भावाचा ओलावा आणला, आणि तोही मूर्तीच्या द्वारानें नव्हे तर आपल्या संतांच्या वाणीच्या द्वारानें. आज मराठी प्रॉटेस्टंट मंडळींच्या 'उपासना संगीता'ंत टिळकांचीं पदें विलायती चालींच्या शेजारीं बसलेलीं आहेत. कॅथलिकांनींही भूमीचा गुण घेतला. श्रीरामपूर तालुक्यांतील हरिगांवला सप्टेंबरांत मरियेची यात्रा भरते. लोक तिला मतमाउली म्हणतात. आणि 'माउली' हा शब्द त्यांनीं कोठून उचलला हें महाराष्ट्रांत सांगावयास नको.

इतकी देवाणघेवाण झाली तरी एक जागा अशी आहे कीं तेथें हा भेद अजून सलतो. ती जागा म्हणजे मृत्यु. कॅथलिक घरांत माणूस गेलें कीं त्याच्या आत्म्यासाठीं मिस्सा अर्पण होते, पुढें महिन्याची व वर्षाची मिस्सा होते, आणि दर २ नोव्हेंबरला मृतांच्या दिनीं कबरींवर फुलें व मेणबत्त्या ठेवून त्यांच्यासाठीं प्रार्थना होते. मेलेल्यांसाठीं जिवंतांनीं अजून कांहीं करावें आणि तें त्यांना पोहोंचावें, अशी ही श्रद्धा. तिला आधारभूत मानला जाणारा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांतला प्रसंग कॅथलिकांच्या ७३ ग्रंथांच्या बायबलांत आहे; प्रॉटेस्टंटांच्या ६६ ग्रंथांत तें पुस्तकच नाहीं. म्हणून अहमदनगरच्या परंपरेंतली मंडळी मृतासाठीं प्रार्थना करीत नाहींत. ते त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागें राहिलेल्यांसाठीं सांत्वन मागतात. गेलेला माणूस देवाच्या हातीं सोंपविला गेला. आतां त्याच्यासाठीं मागणें म्हणजे त्या हातांवर अविश्वास दाखविणें, असें त्यांना वाटतें.

आतां अशा घराची कल्पना करा कीं जेथें आई कॅथलिक माहेरची आणि बाप प्रॉटेस्टंट सासरचा. बाप वारला. आईला त्याच्यासाठीं मिस्सा म्हणवावयाची आहे. दिराला वाटतें कीं भावाच्या श्रद्धेचा हा अवमान आहे. दोघांचेंही मृतावर प्रेम आहे. एकीचें प्रेम हातपाय हालविल्यावांचून राहूं शकत नाहीं, दुसऱ्याचें प्रेम हात जोडून स्वस्थ बसण्यांत आपली निष्ठा समजतें. या घरांत पंथांच्या इतिहासाचें ज्ञान कामाचें नाहीं. दुसऱ्याची रीत ही त्याच्या प्रेमाचीच भाषा आहे, एवढें ज्याला उमगलें तोच तेथें कांहीं बोलूं शकेल. मला स्वतःला वाटतें कीं अशा प्रसंगीं दोन्ही गोष्टी व्हाव्या. तिनें आपली मिस्सा अर्पण करावी, त्यानें आपलें स्तवन करावें. आणि कोणी कोणाला वेड्यांत काढूं नये.

सुदैवानें काळ त्याच दिशेनें चालला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि इतर कांहीं प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताचें चर्च स्थापन झालें. प्रार्थनापुस्तकावरून वाचणारे आणि उत्स्फूर्त प्रार्थना करणारे, बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढांचाच मानणारे, एका छपराखालीं आले. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ सालीं निराळा झाला. दर वर्षीं १८ ते २५ जानेवारी या आठवड्यांत ख्रिस्ती ऐक्यासाठीं जगभर दोन्ही पंथांचे लोक प्रार्थना करतात. शिवाय आज कॅथलिकांतही उत्स्फूर्त प्रार्थनेच्या, टाळ्यांच्या आणि गाण्यांच्या सभा भरतात, आणि प्रॉटेस्टंट तरुण उपवासकाळांतील मौनाची गोडी घेऊं लागले आहेत.

दोन्ही पंथांना एक प्रार्थना समान आहे. ती येशूनें स्वतः शिष्यांना शिकविली. तिच्यांत आकाशांतल्या बापाला हांक आहे, रोजच्या भाकरीची मागणी आहे आणि अपराधांच्या क्षमेची याचना आहे. या प्रार्थनेच्या शेवटीं प्रॉटेस्टंट मंडळी देवाच्या राज्याचा, सामर्थ्याचा आणि गौरवाचा उल्लेख जोडून म्हणतात. कॅथलिक परंपरेंत ती प्रार्थना दुष्टापासून सोडविण्याच्या विनवणीपाशीं थांबते. एकत्र प्रार्थनेस उभे असतां म्हणूनच कधीं कधीं एक गट थांबतो आणि दुसरा पुढें चालूं लागतो. मिस्सेच्या आजच्या रूपांत मात्र धर्मगुरूच्या एका छोट्या प्रार्थनेनंतर तें गौरववचन सर्व लोक म्हणतात. म्हणजे कॅथलिक क्षणभर थांबतात, आणि मग त्याच शब्दांशीं येऊन पोहोंचतात.

ख्रिस्ती शेजाऱ्यानें आपल्याला त्याच्या मंदिरांत बोलाविलें तर जरूर जावें. तेथें वेदी मध्यभागीं असेल तर थोडा वेळ मुकाट्यानें पाहावें. व्यासपीठ मध्यभागीं असेल तर मन लावून ऐकावें. ज्या जिल्ह्यांतले लोक एका यात्रेंत गड चढतात आणि दुसऱ्या यात्रेंत कीर्तनाला बसतात, त्यांना हीं दोन्ही कामें जड जाण्याचें कारण नाहीं.